बाल्कनीत बजी आणि कॉकाटील, घरात उंदीर: विष न वापरता काय करता येईल?

ठाणेकर_बाल्कनी:
नमस्कार मंडळी. ठाण्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलला लागून बंद केलेली बाल्कनी आहे, बाहेर ग्रिल, आत सरकत्या काचा. तिथे दोन पिंजरे आहेत. एकात सहा बजी (छोटे रंगीत पोपट), दुसऱ्यात कॉकाटीलची (तुरेवाल्या पोपटांची) जोडी. बजींच्या पिंजऱ्यात आत मडकं टांगलंय आणि मादी चार अंड्यांवर बसली आहे.

पाऊस सुरू झाल्यापासून ट्रेखाली लेंड्या दिसतात. कांगणीच्या (पक्ष्यांच्या दाण्यांच्या) पिशवीला खालून भोक पाडलंय. रात्री मध्येच कॉकाटील घाबरून फडफडतात आणि गजांवर आदळतात. औषधाच्या दुकानात उंदीर मारायच्या वड्या मिळाल्या, "पक्ष्यांना काही होत नाही" असं सांगितलं. घरच्यांनी उंदीर चिकटवायची गोंदाची पुठ्ठीही आणली आहेत, अजून उघडलेली नाहीत. यातलं काय वापरावं, काय नाही? आणि मडकं हलवावं का?

राळा_कांगणी:
वड्या आणि पुठ्ठी, दोन्ही परत करा. का ते नीट सांगते, कारण घरातल्या बाकीच्यांनाही तुम्हाला पटवावं लागेल.

निळ्या-हिरव्या वड्या बहुतेक ब्रोमाडिओलोनच्या असतात, प्रमाण ०.००५ टक्के. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचं चक्र हे औषध बंद पाडतं. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, चार ते सात दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो घरभर हिंडत असतो. उंदरांना खाणं उचलून दुसरीकडे नेऊन साठवायची सवय असते. वडी तुम्ही सिंकखाली ठेवाल, तिचा तुकडा पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये सापडेल. वडी धान्याचीच बनवलेली असते, बजीच्या नजरेला ते दाणेच. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम, त्यामुळे किती तुकडा "थोडासा" म्हणायचा हा हिशेब करण्यातच अर्थ नाही. झुरळं आणि मुंग्याही वडी कुरतडतात, कण इकडेतिकडे नेतात.

उंदरांसाठी काळी पूडही मिळते, ती म्हणजे झिंक फॉस्फाइड. पिठात कालवून गोळ्या करतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना ही पूड थेट मारते आणि तिच्यावर उतारा नाही. पावसाळ्यात दमट हवेतही ती हळूहळू वायू सोडते. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, जोडीला हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवेतलं विष त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा फार लवकर भिनतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, ती माणसांचंही यकृत निकामी करते.

आता गोंदाची पुठ्ठी. मोकळा सोडलेला पक्षी त्यावर उतरला तर पिसं, पाय, चोच सगळं अडकतं आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडतो. खिडकीतून येणाऱ्या चिमण्या आणि भिंतीवरच्या पालीही त्यातच अडकतात. उंदीर चिकटलेल्या अवस्थेत तासन् तास जिवंत राहतो, मुततो, ओरडतो, आणि त्या आवाजाने पिंजऱ्यातले पक्षी रात्रभर बेचैन होतात. भारतीय पशुकल्याण मंडळाने राज्यांना या पुठ्ठ्यांवर बंदी आणायला सांगितलेलं आहे.

कोणाच्या घरी पक्षी चिकटलाच तर ओढू नका. उघड्या गोंदावर आधी टिश्यू पेपर किंवा कॉर्नफ्लोअर टाका, म्हणजे आणखी पिसं चिकटणार नाहीत. पुठ्ठा कात्रीने पक्ष्याभोवती कापून घ्या आणि तसाच डॉक्टरांकडे न्या. तेल चोळायचा मोह होतो, पण पिसांना तेल लागलं की पक्षी अंगातली ऊब राखू शकत नाही. नुसती नखं अडकली असतील तर बोटाने थेंबभर खाद्यतेल लावा, त्यापुढे नाही.

जाळीवाला:
वरचं सगळं बरोबर. मी पिंजऱ्याबद्दल लिहितो.

बजीच्या पिंजऱ्यात दोन गजांमधलं अंतर साधारण १२ मिमी असतं, कॉकाटीलच्या पिंजऱ्यात त्याहून जास्त. घरात सापडणारा बारका उंदीर ६-७ मिमीच्या फटीतून जातो. कवटी आत गेली की बाकीचं अंग जातंच. म्हणजे तुमचे दोन्ही पिंजरे त्याच्यासाठी उघडेच आहेत. मोठा उंदीर आत शिरू शकला नाही तरी गजांना लटकून झोपलेल्या पक्ष्याचा पाय किंवा शेपूट ओढतो. अंडी आणि पिल्लं तर त्याला हवीच असतात.

उपाय म्हणजे पिंजऱ्याभोवती दुसरी चौकट. पाव इंची, म्हणजे ६ मिमी चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी चालणार नाही, तिची भोकं मोठी असतात. नायलॉनची मच्छरजाळी आणि कबुतरांसाठी लावतात ती जाळी, दोन्ही उंदराच्या दाताला टिकत नाहीत. सरकत्या खिडक्या करणारा फॅब्रिकेटर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट करून देतो. जाळी पिंजऱ्याच्या गजांपासून सगळीकडून निदान ३ सेमी दूर हवी. हे अंतर सोडायचं नाही, त्याच्यामुळे बाहेरून उंदराचा दात पक्ष्याच्या बोटापर्यंत पोचत नाही आणि आतून पक्ष्याची चोच जाळीपर्यंत पोचत नाही.

चोच का पोचू नये? साधी जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. कॉकाटील ती चावत बसतात आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते: उलट्या, हिरवट पातळ विष्ठा, मान टाकणं. नवी जाळी व्हिनेगर लावून कडक ब्रशने घासा, सुटे कण आणि पांढरी पूड निघून जाऊ द्या, धुऊन उन्हात वाळवा. बजेट असेल तर ३०४ ग्रेडची स्टेनलेस जाळी घ्या, ती ठाण्याच्या पावसात गंजणारही नाही.

खालची बाजूही जाळीचीच. प्लायवूडचा तळ घातलात तर उंदीर कोपऱ्यापासून सुरुवात करतो आणि थोड्याच रात्रींत रस्ता काढतो. चौकटीचं दार कडेवर २ सेमी चढलेलं असू द्या. सगळं बसवून झालं की साधी शिसपेन्सिल घेऊन प्रत्येक सांध्यात घालून बघा. पेन्सिल आत सरकली तर तिथून उंदीर जाणार असं समजा आणि पट्टी मारा.

पिंजरा भिंतीपासून फूट-दीड फूट लांब ठेवा. लोखंडी स्टँडचे पाय गुळगुळीत असले तर बारक्या उंदराला त्यावर चढणं जड जातं, पण रात्री झाकायची चादर जमिनीपर्यंत लोंबत असेल तर आपणच त्याला शिडी लावून दिल्यासारखं होतं. चादर पिंजऱ्याच्या तळापर्यंतच कापून घ्या. पडदा, झाडाची फांदी, चार्जरची वायर, काहीही पिंजऱ्याला टेकलेलं नको.

राळा_कांगणी:
मडक्याचं राहिलंच. मडकं पिंजऱ्यातून काढून दुसरीकडे लावू नका, मादी अंडी सोडते. संपूर्ण पिंजरा, मडकं आहे तिथेच ठेवून, दिवसा हलक्या हाताने उचलून बेडरूममध्ये न्या आणि दार बंद करा. जाळीचं काम होईपर्यंत हाच पर्याय बरा. अंडी १८ दिवसांच्या आसपास फुटतात आणि पुढे महिनाभर पिल्लं मडक्यातच असतात, तेव्हा चौकटीचं काम पुढे ढकलू नका.

खाण्याचं आता. उंदीर तुमच्या पक्ष्यांसाठी आलेले नाहीत, कांगणीसाठी आलेत. घरातल्या बारक्या उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम दाणे पुरतात. तेवढे तर एका पिंजऱ्याभोवती रोज सांडतात. त्याला पाण्याची भांडीही लागत नाहीत, दाण्यातल्या ओलाव्यावर भागतं. म्हणून सांडलेलं खाणं बंद होत नाही तोवर सापळेसुद्धा नीट काम करत नाहीत, समोर ताट वाढलेलं असताना आमिषाकडे कोण बघतो?

एका बजीला रोज दीड ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात, कॉकाटीलला दीड-दोन टेबलस्पून. मोजून घाला. बजी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतात, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते आणि आपण वरून आणखी ओततो. आधी वाटी कचऱ्याच्या डब्यावर धरून फुंकर मारा, टरफलं उडतील, खाली किती उरलंय ते दिसेल. बाल्कनीतून बाहेर फुंकू नका, खालच्या छज्जावर ते सगळं साठतं आणि उंदीर तिथूनच वर येतात.

दिवेलागणीला पक्षी झोपले की वाट्या बाहेर काढा, ट्रे रिकामा करून पुसा, पिंजऱ्याखाली ओलं फडकं मारा. अंधारात बजी आणि कॉकाटील खात नाहीत, रात्रभर वाटी नसली तर निरोगी मोठ्या पक्ष्याला काही होत नाही. उजाडल्याबरोबर परत ठेवा, उशीर नको. अपवाद पिल्लांचा: अंडी फुटल्यावर पहिले काही दिवस मादी रात्रीही भरवते. तेव्हा चमचाभर दाणे आणि पाणी आत राहू द्या, पण पिंजरा जाळीत किंवा बंद खोलीत असेल तरच.

साठवण पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या बरणीचं झाकण उंदीर कडेने कुरतडतो. भोक पडलेल्या पिशवीतली कांगणी पक्ष्यांना घालू नका, चाळूनही नको. त्यात मूत मिसळलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ठाणेकर_बाल्कनी:
खूप आभार. पिंजरे कालच बेडरूममध्ये हलवले, वड्या परत केल्या. एक शंका आहे. लेंड्या मोजपट्टीने बघितल्या तर दीड सेंटिमीटरच्या आहेत, मधे जाड आणि टोकाला निमुळत्या. एकदा ग्रिलवरून पळताना दिसला, शेपूट अंगापेक्षा लांब वाटली. हा तोच बारका उंदीर का? आणि कुबट वासही येतो, म्हणून घरी चिचुंद्री म्हणतायत.

गवंडीकाम_आणि_सापळे:
नाही, हा बारका नाही. बारक्याच्या लेंड्या ३ ते ६ मिमीच्या असतात, साधारण जिऱ्याएवढ्या. दीड सेंटिमीटर आणि अंगाहून लांब शेपूट म्हणजे काळा उंदीर, जो पाइप, केबल आणि ग्रिलवरून चढतो. घूस याहून जाडजूड, ती जमिनीत बिळं करते आणि सहसा दुसऱ्या मजल्यावर येत नाही. चिचुंद्री उंदरांच्या कुळातलीच नाही, ती झुरळं-किडे खाते, भिंतीच्या कडेने चुक-चुक आवाज करत जाते. तोंड लांब सोंडेसारखं आणि वास उग्र कस्तुरीचा असेल तर ती असू शकते, पण कांगणीची पिशवी तिने फोडलेली नाही.

खात्री करायची तर स्वयंपाकघरात भिंतीकडेला रात्री रांगोळीचा पातळ थर चाळून ठेवा. पीठ वापरू नका, ते खाऊन टाकतील. सकाळी ठसे बघा: पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच. मागचा ठसा दोन-तीन सेंटिमीटर असेल तर मोठा उंदीर, सेंटिमीटरभर असेल तर बारका. पक्ष्यांच्या खोलीत हे करू नका, रांगोळीची धूळ त्यांच्या श्वासात जाते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांचा स्वभाव उलटा. बारका उंदीर नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, पहिल्याच रात्री सापळ्यात सापडतो. काळा उंदीर नव्या वस्तूपासून लांब राहतो. म्हणून चाप किंवा पकडायचा पिंजरा न ताणता, त्यात नुसतं आमिष ठेवून, तीन-चार रात्री जागच्या जागी पडू द्या. आमिष खाल्लं जायला लागलं की एकाच रात्री सगळे लावा. एकच चाप लावून बसलात तर एक सापडतो आणि बाकीचे शहाणे होतात.

आमिष म्हणून भाजलेलं सुकं खोबरं उत्तम, नाहीतर शेंगदाण्याचं कूट गुळात मळून. खोबऱ्याचा तुकडा चापाच्या पट्टीला बारीक तारेने बांधा, नुसता ठेवला तर उचलून नेतात आणि चाप तसाच राहतो. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला मिशा घासत चालतो. काळ्या उंदरासाठी जमिनीपेक्षा वरच्या जागा बघा: माळा, पेल्मेट, गीझरची पाइप, ग्रिलचा कोपरा. चाप खाली पडू नये म्हणून तारेने बांधा.

घरात पक्षी आहेत म्हणून उघडा चाप कधीच नको. फूट-दीड फूट लांबीचा चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या आणि चाप मधोमध बसवा. लावायच्या आधी पाइपात एकदा काठीने उडवून बघा, दांडा छताला अडला तर मोठा पाइप किंवा लाकडी खोकं घ्यावं लागेल. पक्षी झोपल्यावर लावायचे, सकाळी त्यांना मोकळं सोडायच्या आधी गोळा करायचे. ज्या खोलीत पक्षी आहेत तिथे चाप लावूच नका, त्याच्या आवाजानेही कॉकाटील उधळतात.

जिवंत पकडायचा तारेचा पिंजरा चालेल, पण पहाटे तपासलाच पाहिजे. उन्हात राहिलेला उंदीर तहानेने तडफडून मरतो. पिंजरा बादलीत बुडवायची पद्धत सर्रास आहे, ती क्रूर आहे, करू नका. समोरच्या गटाराजवळ सोडलात तर परत येईल. मला स्वतःला नीट ताकदीचा, क्षणात मारणारा चाप जास्त योग्य वाटतो.

आता भोकं. आत ये-जा चालू आहे का हे बघायला भोकात कागदाचा बोळा घाला. दोन-तीन दिवस जागेवर राहिला तर ती वाट वापरात नाही, बुजवून टाका. बोळा बाहेर पडला तर आधी तिथे सापळा, मग बुजवणं. उलटं केलंत तर उंदीर आत कोंडला जाऊन फ्रिजमागची वायर कुरतडेल. जुन्या इमारतीत वाटा ठरलेल्या: एसीच्या तांब्याच्या नळीभोवतालचं भोक, वॉशिंग मशीनचा पाइप, ओट्याखालचं सिंकचं कनेक्शन, नहाणीची सैल जाळी, मुख्य दाराखालची फट. फोम आणि पीओपी उंदीर कुरतडतो. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी गच्च कोंबा आणि वरून एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूचा गिलावा करा. साधी लोखंडी वूल पावसात गंजून भुगा होते. दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी, फट ६ मिमीच्या आत. नहाणीची जाळी स्क्रूने बसवा.

काळ्या उंदराला रोज पाणी प्यावं लागतं. रात्री बादल्या झाका, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, एसीचं ठिबकणारं पाणी बाटलीत घ्या.

पक्ष्यांची_डॉक्टर:
साफसफाईबद्दल. सुक्या लेंड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. उंदराच्या विष्ठेतून पक्ष्यांना साल्मोनेला होऊ शकतो आणि माणसांना मुतातून लेप्टो, पावसाळ्यात तर हमखास काळजी घ्यायची. रबरी हातमोजे घाला. पक्षी दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद, खिडकी उघडी. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, असं मिश्रण ताजं करून लेंड्यांवर ओता, दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. फरशी साध्या पाण्याने दोनदा पुसा. ब्लीचचा वास पूर्ण गेल्यावरच पक्षी परत आणा. ब्लीच आणि ॲसिड किंवा फिनाइल कधीही एकत्र करू नका. पाण्याच्या आणि दाण्याच्या वाट्या साबण आणि गरम पाण्याने रोज धुवा.

कॉकाटीलच्या रात्रीच्या फडफडीसाठी खोलीत मंद दिवा ठेवा. पूर्ण अंधारात ते बिथरले की कुठे आदळतात ते त्यांनाच कळत नाही. नव्याने उगवणाऱ्या पिसात रक्त असतं, ते तुटलं तर गजांवर रक्ताचे शिंतोडे दिसतात. स्वच्छ कापडाने पाच मिनिटं हलका दाब द्या, वर कॉर्नफ्लोअर लावा. थांबलं नाही तर लगेच दवाखाना.

पक्ष्याने वडी खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका, ती दोन-चार दिवसांनी दिसतात: सुस्ती, चोचीच्या आतला भाग फिका पडणं, विष्ठेत रक्त, कातडीखाली निळसर डाग. दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, छोट्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत जातं. औषधाचं पाकीट सोबत आणा, कारण ब्रोमाडिओलोनवर के-१ जीवनसत्त्व देता येतं आणि ते बरेच आठवडे चालू ठेवावं लागतं. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण जवळचा पक्षी बघणारा डॉक्टर आजच शोधून नंबर लिहून ठेवा. सगळे पशुवैद्य पक्षी बघत नाहीत.

घाटावरची:
दोन-तीन गोष्टी कोणी सुचवतील म्हणून आधीच लिहिते. डांबर गोळ्या नको, त्यांची वाफ पक्ष्यांना त्रासदायक आणि उंदीर शेजारून निघून जातात. मिरीची धुरी, कापूर, उदबत्त्या, हेही पक्ष्यांच्या खोलीत नको. भिंतीत लावायचं आवाजाचं यंत्र पक्ष्यांना ऐकू येत नाही, कारण त्यांची श्रवणमर्यादा साधारण ८-१० किलोहर्ट्झपर्यंतच असते, पण उंदीरही थोड्या दिवसांत त्या आवाजाला सरावतात. मांजर आणू नका. तिच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे साधा ओरखडाही पक्ष्याच्या जिवावर बेततो.

ठाणेकर_बाल्कनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरला मापं दिली. शेवटचा प्रश्न: सोसायटीने पुढच्या आठवड्यात पेस्ट कंट्रोल बोलावलंय. आवारातल्या बिळांत गोळ्या टाकणार आहेत. आमच्या बाल्कनीखालीच बिळं आहेत.

गवंडीकाम_आणि_सापळे:
त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या आहेत का ते सेक्रेटरींकडून लेखी विचारा. ओलावा लागताच त्यातून फॉस्फिन सुटतो. या गोळ्या फक्त परवानाधारकानेच वापरायच्या असतात आणि राहत्या इमारतीच्या भिंतीला लागून असलेल्या बिळात त्या घालणं धोक्याचं आहे. वायू भेगांतून, पाइपच्या खोबणीतून वर येतो. अशाने घरात झोपलेली माणसंही दगावलेली आहेत. इमारतीलगतच्या बिळांसाठी चाप आणि सिमेंट-काचेचा भराव मागा, वड्याच टाकायच्या असतील तर कुलूपबंद पेटीत, तळमजल्याच्या बाहेर. तुमच्या फ्लॅटमध्ये वडी, फवारणी काहीही नको हे आधीच नोंदवा.

सोसायटीने ऐकलं नाही आणि गोळ्या घातल्याच, तर पक्षी त्या दिवशी सकाळीच नातेवाइकांकडे न्या, दोन-तीन दिवस तिथेच राहू द्या. लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं धरून चालू नका. मडक्यासकट पिंजरा गाडीत नेताना अंड्यांखाली लाकडाचा भुसा दोन बोटं जाड असू द्या, म्हणजे ती एकमेकांवर आपटणार नाहीत.

आणि शेवटचा उंदीर सापडल्यावरही निदान तीन आठवडे सापळे लावून ठेवा. मादीचा गर्भकाळ तेवढाच असतो, मागे राहिलेली एक पुरते. कागदाचे बोळे दर रविवारी तपासत राहा.